पावाच्या पिठाला घड्याळ कळत नाही

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की डिसेंबरात बेळगावच्या कॅम्पातल्या बेकऱ्यांवरून जाताना जो वास येतो तो घरात आणायला अर्धा किलो मैदा आणि एक मोकळी सकाळ पुरते. त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंतची पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांतलं दुखणं एकच: पाव फुगत नाही. म्हणून या वेळचा सगळा रकाना फळं घातलेल्या पावालाच देते.

प्रश्न: काकू, दोनदा बेदाण्याचा ब्रेड करून बघितला, दोन्ही वेळा वीट झाली. अर्धा किलो मैदा घेतला. मुलांना गोड लागतं म्हणून वाटीभर साखर घातली. दूध चांगलं कडकडीत तापवून त्यातच यीस्ट टाकलं. बेदाणे, काजू पहिल्यापासून पिठात मळले. कृतीत लिहिलं होतं तसं बरोबर एक तास झाकून ठेवलं, तर पीठ होतं तेवढंच. सासूबाई म्हणाल्या, या थंडीत इडलीचं पीठ वर येईना, हे काय येणार! घरात छोटा ओव्हन आहे, मळायचं मशीन नाही. माझं कुठं चुकतंय तेवढं सांगा की.
– एक वाचक, निपाणी

उत्तर: तुमच्या सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. इडलीचं पीठ थंडीत वर यावं म्हणून त्या जे काही करतात, तेच पावाच्या पिठासाठी करायचं. पण त्याआधी दुधाचं बघू, कारण तुमचं यीस्ट बहुतेक पहिल्या मिनिटालाच मेलं. यीस्ट हा जीव आहे. कोमट दुधात तो जागा होतो आणि ५५-६० अंशांच्या पुढं मरतो. कडकडीत दूध म्हणजे त्याहून कितीतरी जास्त. थर्मामीटर नको. करंगळी दुधात बुडवा. गरमही वाटलं नाही आणि गारही वाटलं नाही, की दूध बरोबर आहे. दूध आधी उकळून मग कोमट होऊ द्यायचं हे मात्र चांगलंच, कच्च्या दुधानं पीठ जरा ढिलं पडतं. आपल्या घरी दूध तापवलेलंच असतं, त्यामुळं ते काम आयतं झालेलं असतं.

दुसरी गोष्ट साखर. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं ना? जास्तीची साखर यीस्टच्या पेशींतलं पाणी तसंच ओढून घेते. मैद्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत साखर चालते, त्यापुढं यीस्ट मंदावत जातं. अर्धा किलोला वाटीभर म्हणजे तिप्पट-चौपट झाली. गोडी बेदाण्यांवर सोडा, ती त्यांच्यात भरपूर असते.

आता माझं प्रमाण सांगते. पहिल्यांदा एवढंच करा, दुप्पट करू नका. ३०० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट म्हणजे दीड छोटा चमचा, ३० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, २०० मिली कोमट दूध, ३० ग्रॅम मऊ लोणी आणि ९० ग्रॅम बेदाणे. संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग किसून अर्धा चमचा घातला तर बेदाण्याला फार छान साथ मिळते. पांढरा भाग किसू नका, कडू होतो. वेलची, जायफळ घाला. दालचिनी घालायचीच असेल तर चिमूटभर, कारण ती यीस्टला रोखते. वाटीच्या मापानं पाव करू नका. दाबून भरलेली वाटी आणि हलकी भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो. किराणा दुकानातल्यासारखा वजनाचा छोटा काटा घ्या, तो बाकी स्वयंपाकालाही उपयोगी येतो.

मैदा, यीस्ट, साखर, मीठ एकत्र करा. दूध घाला, पण दोन चमचे मागं ठेवा. मैद्याची प्रत आणि हवा यांप्रमाणं पाणी कमीजास्त लागतं. नुसतं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. मशीन नसलेल्या घरात ही वीस मिनिटं निम्मं काम करतात. मैदा पाणी पितो आणि चिवटपणा आपोआप सुरू होतो. मग लोणी घालून मळायला घ्या. पहिली तीन-चार मिनिटं हाताला चिकटेल, ओट्यावर फरफटेल, आणि तुम्हाला वाटेल जरा मैदा भुरभुरावा. भुरभुरू नका. बहुतेक विटा इथंच होतात. तळव्यानं पुढं ढकला, दुमडा, फिरवा. सहाव्या-सातव्या मिनिटाला पीठ ओट्यापासून सुटायला लागतं आणि दहाव्या मिनिटाला कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. खिडकीसमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता आला, की मळणं झालं. फाटला तर आणखी तीन मिनिटं.

बेदाणे अजून घालायचे नाहीत. पहिल्यापासून घातले तर ते मळताना चिरडतात, त्यांचा रस पिठात उतरतो, पडदा जागोजाग फाटतो आणि गोडी वाढते ती वेगळीच. मळायला घेण्याआधी ते कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, निथळा, आणि पंचावर पसरून चांगले टिपून कोरडे करा. कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते पावातलंच पाणी ओढतात आणि त्यांच्याभोवती पाव रुक्ष होतो. ओले घातले तर पीठ चिकट होतं. म्हणून आतून ओले आणि बाहेरून कोरडे.

आता ती तासाची गोष्ट. कृतीत लिहिलेला तास कुणाच्या स्वयंपाकघरातला आहे? माझ्या शहापूरच्या घरात हेच पीठ एप्रिलच्या दुपारी पाऊण तासात दुप्पट होतं आणि डिसेंबरच्या सकाळी त्याला अडीच तास लागतात. यीस्टही तेच आणि हातही तोच असतो. म्हणून घड्याळ बघू नका, पीठ बघा. उभ्या कडेच्या डब्यात ठेवा आणि पिठाच्या पातळीला बाहेरून दोरा बांधा. दोऱ्यापासून दुप्पट उंची झाली की झालं. खात्रीसाठी बोट पिठात बुडवून खळगा पाडा. खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर तयार आहे, आणि भोवतालचं पीठच खाली बसलं तर उशीर झाला. थंडीत बंद ओव्हनमध्ये, तो न पेटवता, खाली कढत पाण्याचं पातेलं आणि वर पिठाचा डबा ठेवा. पाणी तासाभरानं बदला. तांदळाच्या पिंपात शाल गुंडाळून ठेवलं तरी चालतं.

पीठ दुप्पट झाल्यावर ओट्यावर काढून हातानंच चपटं करा, लाटणं नको. साधारण साच्याच्या लांबीएवढं रुंद चौकोनी पसरा, त्यावर बेदाणे पसरून वळकटी करा. प्रत्येक वळशाला बोटांनी दाबत जा, नाहीतर भाजल्यावर आत बोगदा राहतो. जोड खाली करून लोणी लावलेल्या साच्यात ठेवा. ९ इंच लांब, ४ इंच रुंद साचा या प्रमाणाला पुरतो. वर डोकावणारे बेदाणे आत ढकला, ते सगळ्यांत आधी करपतात आणि कडू लागतात. पीठ पुन्हा फुगून साच्याच्या कडेच्या बोटभर वर आलं की १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ३० ते ३५ मिनिटं. छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी जवळ असते, त्यामुळं साचा सगळ्यांत खालच्या खणात ठेवा आणि वीस मिनिटांनी रंग आला असेल तर वर फॉइल टाका. साच्यातून काढून बुडाला टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की पाव भाजला गेला.

आणि तासभर कापू नका. मला माहीत आहे, मुलं ताटली घेऊन उभी असतात. पण गरम पाव आतून अजून जुळत असतो, कापला की सुरीला लगदा येतो आणि आपल्याला वाटतं कच्चा राहिला.

प्रश्न: आमच्याकडं फणस आणि अननस भरपूर. गावचं फळ घालून पाव करावा म्हणून अननसाचे ताजे तुकडे पिठात घातले, तर पीठ पातळच होत गेलं. मैदा खराब होता का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: मैद्याचा दोष नाही. हीच चूक माझ्या हातून झाली होती आणि मला ती अजून डोळ्यांसमोर दिसते. लग्न होऊन बेळगावात आले त्या वर्षी दिरांच्या साखरपुड्याला मी पाहुण्यांसाठी अननसाचा पाव करायला घेतला. चोर्ल्याच्या वाटेनं आलेले गोव्याचे गोड अननस होते. सकाळी मळलेलं पीठ छान घट्ट होतं, त्यात तुकडे घालून झाकून ठेवलं. तासाभरानं झाकण काढलं तर प्रत्येक तुकड्याभोवती पीठ वितळल्यासारखं झालेलं, चमच्यानं उचललं तर तार धरून खाली ओघळत होतं. मैदा घालत गेले तरी थांबेना. शेवटी ते सगळं टाकून द्यावं लागलं आणि पाहुण्यांपुढं बाजारातली खारी ठेवली. कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं. ते प्रथिनं तोडतं. आणि पावाचा सगळा सांगाडा म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ग्लुटेन. पपईतलं पपेन हेच करतं, म्हणून तर मटण शिजायला कच्ची पपई लावतात. ताजं अंजीर आणि किवी यांतही तसली द्रव्यं आहेत.

उपाय साधा आहे. ही द्रव्यं शिजवल्यावर निकामी होतात. अननसाचे बारीक तुकडे दोन चमचे साखर घालून पसरट पातेल्यात, रस आटेपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा आणि बेदाण्यांच्या जागी वापरा. फणसाचाही मी रस आटवूनच घेते. बरक्याचा, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचा, रस गाळून मंद आचेवर खव्यासारखा घट्ट करते आणि वळकटी करताना पातळ थर पसरते. कापल्यावर आत पिवळी रेघ दिसते, वास तर विचारूच नका. काप्याचे, म्हणजे करकरीत फणसाचे, गरे मात्र पावात चिवट लागतात, ते नुसतेच खावेत.

एक गंमत सांगते. बेकरीतल्या पावात जी रंगीत टुटीफ्रुटी असते ती कच्च्या पपईची, पण पाकात शिजवलेली, म्हणून पीठ बिघडत नाही. आणि केकवरची लाल चेरी पुष्कळदा चेरी नसतेच, करवंद असतं, रंगवून पाकवलेलं. जांबोटीच्या रानात करवंदं पिकतात तेव्हा तुम्ही बाजारची चेरी का घ्यावी? बिया काढून करवंदं पाकात मुरवा, रंग घालू नका. तो आंबटपणा गोड पावात फार उठून दिसतो.

प्रश्न: घरचे बेदाणे आहेत, घरची खपली आहे. मैदा आणि विकतचं यीस्ट न घेता यातूनच पाव होईल का?
– एक शेतकरी कुटुंब, अथणी तालुका

उत्तर: होईल, पण दोन्ही एकदम करू नका. आधी खपली गव्हाचं. खपलीचं ग्लुटेन कमकुवत असतं. तिची पोळी मऊसूत होते, खीर तर खपलीचीच, पण ते पीठ वायू धरून ठेवू शकत नाही, म्हणून निव्वळ खपलीचा पाव ठेंगणा आणि भरीव होतो. ३०० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम खपली आणि २०० ग्रॅम मैदा घ्या. मळणं दहाऐवजी सहा मिनिटं, आणि साच्यात कडेपर्यंत आलं की लगेच भाजा, आणखी वर येण्याची वाट बघितली तर बसतं. रंग तांबूस येतो आणि चव मला तरी नुसत्या मैद्यापेक्षा जास्त आवडते.

आता विकतच्या यीस्टऐवजी बेदाण्यांचं आंबवलेलं पाणी. त्याचं असं, की द्राक्षांवर आणि हवेत रानटी यीस्ट असतंच. पण तुम्हीच जाणता, द्राक्षं सुकवण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून काढतात आणि पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरीही देतात. गंधक जंतूंनाही रोखतं, त्यामुळं असल्या बेदाण्यांचं पाणी उठत नाही. तुमच्याकडं द्राक्षं सुकवायची शेड असेलच, तेव्हा काळी द्राक्षं काहीही न लावता थोडी वेगळी सुकवा. त्यातले मूठभर बेदाणे काचेच्या बरणीत पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवा, रोज हलवा आणि झाकण उघडून बंद करा. या दिवसांत पाच-सहा दिवस लागतात. सगळे बेदाणे वर तरंगले, झाकण उघडताच फस्स आवाज आला आणि वास ताडीसारखा आला, की पाणी तयार. बुरशी दिसली तर सगळं टाका, वरची बुरशी काढून वापरू नका. १०० मिली पाण्यात १०० ग्रॅम मैदा कालवून रात्रभर ठेवा आणि सकाळी तेच आंबवण यीस्टच्या जागी घाला. मैदा आणि दूध तेवढंच कमी करा. फुगायला बाजारच्या यीस्टपेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ लागेल. एरवीचे पिवळे बेदाणे पावात घालायला उत्तमच आहेत, फक्त दोन पाण्यांनी धुऊन घ्या.

प्रश्न: यीस्ट शाकाहारी असतं का? आमचं जैन घर आहे, सुनेला पाव करायचाय, पण सासरे विचारतात.
– एक वाचक, चिकोडी

उत्तर: यीस्ट प्राणिज नाही. तो बुरशीच्या कुळातला एकपेशी जीव आहे. पूर्वी गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाच्या सुरेनं पीठ फुगवत, त्यात काम करणारे जीव याच जातकुळीचे. पण तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न शाकाहाराच्या पुढचा असणार, आंबवलेलं चालतं की नाही हा. ज्या घरात शिळं, आंबवलेलं वर्ज्य आहे तिथं यीस्टचा पाव बसत नाही हे मी स्पष्ट सांगेन. सुनेनं चोरून करावा असं मी म्हणणार नाही. तिला खजूर आणि बेदाण्यांचा, दुधातला, सोड्यावर फुगणारा बिनअंड्याचा केक करू दे. पुढच्या अंकात त्याचं प्रमाण देते.

प्रश्न: ओव्हन नाही. कुकरमध्ये होतो का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: होतो. कुकरची रिंग आणि शिटी दोन्ही काढा, हे विसरू नका. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर जाळी किंवा उलटी ताटली. पाणी घालायचं नाही. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, साचा ठेवा, आच मंद करा, ४० ते ४५ मिनिटं. लांब साचा मावणार नाही, गोल डबा घ्या. वरून पाव फिका राहतो, कारण उष्णता खालून येते. तो डब्यातून काढून तव्यावर थोडं लोणी सोडून वरची बाजू दोन मिनिटं शेकून घ्या. जुना ॲल्युमिनियमचा कुकर या कामाला वेगळा ठेवलेला बरा.

प्रश्न: माझं वय ७४. मंडळी गेल्यापासून एकटाच आहे. ती नाताळात बेदाण्याचा पाव करायची. करून बघावा वाटतं, पण मनगटात जोर नाही, दहा मिनिटं मळणं व्हायचं नाही. आणि एकट्याला अख्खा पाव संपत नाही.
– एक निवृत्त शिक्षक, संकेश्वर

उत्तर: गुरुजी, तुम्हाला मळायचं नाहीच. २०० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा यीस्ट, २० ग्रॅम साखर, पाऊण छोटा चमचा मीठ, १४५ मिली कोमट दूध आणि दोन छोटे चमचे तूप एका मोठ्या भांड्यात लाकडी कालथ्यानं कालवा. पीठ सैलसर आणि ओबडधोबड दिसेल, दिसू द्या. झाकून ठेवा. अर्ध्या तासानं हात ओला करून पिठाची एक कड उचला, ताणून मध्यावर आणा. भांडं थोडं फिरवून दुसरी कड. अशा चार घड्या झाल्या की परत झाका. दर अर्ध्या तासानं हेच, एकूण चार वेळा. प्रत्येक वेळी मिनिटभराचं काम आहे आणि मनगटाला ताण नाही. पहिल्या खेपेला पीठ तुटेल, तिसऱ्या खेपेला ते पदरासारखं लांब येईल. बाकी वेळ पेपर वाचा. चौथ्या खेपेच्या घड्यांबरोबर ६० ग्रॅम भिजवून पुसलेले बेदाणे घाला, मग ते दुप्पट होऊ द्या. पुढं साचा नको. ओल्या हातानं गोल उंडा करून लोणी लावलेल्या ताटलीत ठेवा, परत फुगू द्या, १८० अंशांवर २५ मिनिटं भाजा.

गार झाल्यावर सगळ्याच्या फोडी करा. आज-उद्या लागतील तेवढ्या झाकणाच्या डब्यात ठेवा. बाकीच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात नको. फ्रीजच्या साध्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, फ्रीजरमध्ये महिनाभर चांगला राहतो. सकाळी एक फोड काढायची, तशीच तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकायची. तव्याला फोडीची कड चिकटेनाशी झाली की वर लोणी लावा. बाईंच्या हाताला वेलचीचा वास असायचा की जायफळाचा, तेवढं आठवून पिठात तेच घाला.